जगण्याची कारणं कुणाजवळ असतात?

(विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, दिवंगत शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना मी पाहिलेलं नाही. पण काल रात्री इथे उतरल्यापासून त्यांचे विद्यार्थी भेटतात आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो. सलग काही दिवस शाळेत न आलेल्या मुलाच्या घरी गुरुजी संध्याकाळी सायकलने जायचे. ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, पीकपाण्याची चौकशी करायचे आणि उठायचे. मुलाला रागवायचे नाहीत, कारणही विचारायचे नाहीत. आपल्याला कुणीतरी मोजलंय आणि आपण त्या मोजणीत कमी पडलोय, एवढं मात्र त्या मुलाला कळायचं. आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची सुरुवात करायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझ्यासमोर रोज अशी माणसं बसतात, ज्यांना आता जगावंसं वाटत नाही. काही जण ते थेट बोलतात. बरेचसे झोप लागत नाही, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, असं सांगत येतात आणि मग बऱ्याच वेळाने मूळ गोष्टीवर येतात. त्यांतला एखादा जण विचारतो, "जगायचं कशासाठी, ते सांगा." मी त्याला उत्तर देत नाही. असं उत्तर कुणाच्या हातात ठेवता येत नाही. मात्र एक गोष्ट मी ठाम मानतो. खोल निराशेत बुडालेल्या माणसाला स्वतःच्या आत कितीही शोधलं तरी जगण्याची कारणं सापडत नाहीत, कारण त्या काळात ती त्याच्याजवळ नसतात. ती इतरांकडे असतात. आपण ती राखायची असतात आणि वेळेवर त्याच्यापर्यंत न्यायची असतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट बोलायलाच हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत. राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा. शेतीवर जगणाऱ्यांच्या ११,२९० मृत्यूंपैकी ४,२४८ आपल्या राज्यातले. कापसाचा भाव, दुबार पेरणी, सावकाराचं व्याज, दवाखान्याचा खर्च यांचा शब्दही न काढता इथल्या माणसाला जगण्याची कारणं शोधायला सांगणं हा त्याचा अपमान आहे. पोटाचे प्रश्न पोटाच्याच मार्गाने सुटले पाहिजेत आणि ते सोडवणं ही सरकारची व समाजाची जबाबदारी आहे. आत्महत्येला कधीही एकच कारण नसतं. कर्ज असतं, आजार असतो, दारू असते, घरातला ताण असतो आणि या सगळ्यावर उपचाराविना राहिलेलं नैराश्य असतं. मी त्यांतल्या एका धाग्याबद्दल बोलणार आहे. बाकीचे धागे मी विसरलेलो नाही.

आता मी तुम्हाला दीडशे वर्षं मागे नेतो.

पंडिता रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत त्या विदुषी म्हणून. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, जिने शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ती रमाबाई. पण त्याच्या चारेक वर्षं आधी ही मुलगी सोळा वर्षांची होती आणि मद्रास इलाख्यात, तिरुपतीच्या परिसरातल्या एका जंगलात आईवडील, मोठी बहीण आणि भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत उपाशी बसली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे थोर संस्कृत पंडित होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेला माणूस. तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं वाचत कुटुंब जगत होतं. दुष्काळ आला तशी दक्षिणा आटली. दागिने गेले, भांडी गेली. अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे शास्त्र्याच्या घरातल्या माणसाने मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, हा कुळाचा अभिमान. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलंय की त्या जंगलात त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. शेवटी वडिलांनी ठरवलं की आता जगणं संपवायचं. ते आधी, मग एकेक करून बाकीचे. निरोप घेऊन झाला. म्हाताऱ्या वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन शेवटचा उपदेशही केला.

आणि तेव्हा श्रीनिवास बोलला. मी कुळाचा अभिमान सोडतो, तो म्हणाला, मी मजुरी करीन आणि तुम्हा दोघांना पोसीन. वडिलांना चालवत नव्हतं. आपण त्यांना उचलून डोंगराखालच्या जवळच्या गावात नेऊ आणि मग कामाला जाऊ, असं त्याने ठरवलं. सगळे खाली उतरले.

या भावाबद्दल आपण फार कमी बोलतो. तो १८८० मध्ये तरुणपणीच वारला. त्याच्या नावाने कुठे चौक नाही, व्याख्यानमाला नाही. पण निराशेच्या काळात माणसाला काय उपयोगी पडतं, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्याच्या त्या चार वाक्यांनी शिकवलं. जीवन सुंदर आहे असं तो म्हणाला नाही. आत्महत्या पाप आहे असंही म्हणाला नाही. घरातले सगळे शास्त्र जाणणारे होते, ते त्यांना ठाऊक होतंच. त्याने पुढचं काम सांगितलं आणि त्या कामाच्या आड येणारी एक गोष्ट, कुळाची प्रतिष्ठा, स्वतः बाजूला केली. दुःख, भूक आणि दुष्काळ जागच्या जागीच होते. त्याला ढकलता आली ती फक्त लाज, आणि त्या दिवशी तेवढं पुरलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. ती गोड नाही. वडील त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. काही महिन्यांत आई गेली, मग मोठी बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत तेव्हा चौथा खांदा रमाबाईंचा होता, आणि उंची कमी म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. उरलेले दोघे भाऊबहीण देशभर हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं म्हणून वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपले. एकाने धीर सोडला की दुसऱ्याने धरायचा, असं त्यांचं चाललं असणार. दोघं नसते तर त्यांतलं एकही कलकत्त्यापर्यंत पोचलं नसतं असं मला वाटतं. मग भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. हातात वर्षाचीही न झालेली मनोरमा.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झालेली आनंदीबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच आसपासच्या मुलखात, आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व बायका घेऊन गेल्या. त्या हडकुळ्या पोरींत त्यांना स्वतःचे जुने दिवस दिसले, हे त्यांनीच नोंदवलंय. दुःखातून थोर माणसं घडतात, असं मला अजिबात सुचवायचं नाही. दुःखातून बहुतेक माणसं मोडतात. मला एवढंच सांगायचंय की त्या जंगलात बसलेल्या पाच जणांपैकी कुणालाही, रमाबाईंनाही, केडगाव दिसत नव्हतं. दिसणं शक्यही नव्हतं. त्या दिवशी जगण्याचं कारण म्हणून हाताशी होतं ते फक्त डोंगराखालचं एक गाव.

आता माझ्या शास्त्राकडे येतो. १९८३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा प्रश्न हाती घेतला. तोवर संशोधक विचारत होते की माणसं जीव का देतात. लिनेहानबाईंनी विचारलं, तो विचार मनात येऊनही माणसं जगतात ती कशामुळे? साध्यासुध्या लोकांनी दिलेल्या उत्तरांतून ४८ वाक्यांची एक प्रश्नावली तयार झाली. ती आजही जगभर वापरतात. त्या उत्तरांत हे दिवस निभावता येतील हा विश्वास आहे, घरच्यांची जबाबदारी आहे, मुलांची काळजी आहे. मरणाची भीती आहे, लोक काय म्हणतील ही धास्ती आहे, धर्माची मनाई आहे. मला त्या यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की तिच्यात भीतीलाही जागा आहे. जगण्याचं कारण उदात्तच असलं पाहिजे असं नाही. "भीती वाटते म्हणून थांबलो" हे पूर्ण उत्तर आहे आणि ते देणाऱ्याने मान खाली घालायचं कारण नाही. याच लिनेहानबाईंनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं की सतरा वर्षांच्या असताना त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि मरणाच्या विचारांनी वेढलेल्या होत्या. ज्या रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं, तिथेच उभं राहून त्या हे बोलल्या.

मग ही सगळी कारणं असताना माणूस त्यांच्याकडे पाहत का नाही? पाहू शकत नाही म्हणून. तीव्र नैराश्यात मन आकसतं. घाण्याच्या बैलाला झापडं बांधावीत तसं होतं: वाट एकच, तीही गोल. अशा वेळी "तुला चांगली बायको आहे, सोन्यासारखी मुलं आहेत, तुला कमी काय?" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यातून आधार मिळत नाही. आपण इतके वाईट की हे सगळं असूनही आपल्याला जगावंसं वाटत नाही, असा आरोप त्याला ऐकू येतो. 'माझ्यावाचून घरच्यांचं ओझं हलकं होईल' हा विचार तर मी सतत ऐकतो. तो विचार आजाराचा असतो. ज्यांनी घरातलं माणूस असं गमावलंय, त्यांना जाऊन विचारा कुठलं ओझं हलकं झालं.

आणि ही अवस्था टिकत नाही, हे मला फार जोर देऊन सांगायचंय. निराशा महिनोन्‌महिने चालते, पण जीव देण्याच्या टोकाला नेणारी लाट बहुतेकदा काही मिनिटांची, काही तासांची असते. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असं आपण नशिबाने वाचलेल्या माणसाबद्दल म्हणतो. ती वेळ टाळता येते. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली. पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं आणि शेतीचं उत्पन्न घटलं नाही. गरिबी संपली नव्हती, कर्जं संपली नव्हती, घरातली भांडणंही चालूच होती. घातक वस्तू हाताशी नव्हती, लाट ओसरून गेली आणि माणूस राहिला. ज्या घरात कुणी खचलेलं आहे, त्या घरातल्या अशा वस्तू शेजाऱ्याकडे किंवा कुलुपात ठेवा, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो. आपल्या कृषी खात्यानेही श्रीलंकेचा धडा मनावर घ्यावा अशी माझी मागणी आहे.

लाट ओसरल्यावर पुढे काय? २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, श्रीलंका, ब्राझील, इराण आणि चीन या देशांतली १,८६७ माणसं, सगळी आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इस्पितळात आलेली. भारतातलं केंद्र चेन्नईला होतं. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय एक तासाची शांतपणे केलेली बातचीत आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. कसे आहात, काही हवंय का, एवढंच. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. नऊ वेळा केलेली चौकशी! हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते पुन्हा तपासून पाहिले होते.

त्याच्याही आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने पत्रांचा प्रयोग केला होता. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर असताना एका तरुणीची पत्रं त्यांना येत आणि त्यांचा आधार वाटे. ती आठवण ठेवून त्यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या, पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे दोन गट केले आणि त्यांतल्या एका गटाला पाच वर्षं अधूनमधून चार ओळींची पत्रं पाठवली. औषध घ्या, दवाखान्यात या, असा आग्रह त्यांत नव्हता. पत्रं मिळालेल्यांत, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्या कमी झाल्या. काहीही न मागणारी आठवण माणसाला धरून ठेवते.

हे परदेशात, मोठ्या शहरांत होतं, आपल्या गावांत काय, असं कुणी म्हणेल. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं आणि त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. गरज पडली तर समुपदेशक आणि डॉक्टर. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. माणसं आपली, भाषा आपली, गावं आपली.

आणि यवतमाळचं तुम्हाला मी काय सांगावं? ११ जानेवारी २०१९ रोजी ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मुलांना घेऊन उभी राहिलेली ही बाई. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांच्यासारख्याच शेतकऱ्यांच्या घरच्या बाया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि आपलं जगणं आपल्या तोंडाने बोलल्या. तेराव्यानंतर पाहुणे निघून जातात. सातबारा, बँक, शाळेची फी आणि सासरच्यांचे बोल मागे राहतात. या बायांना जगायचं कशासाठी असा प्रश्न पडला नसेल असं नाही. पण सकाळी मुलांना काहीतरी खायला घालायचंच असतं. रमाबाईंच्या भावाने जी लाज बाजूला केली, तीच या बायांनी केली: मजुरीला जाण्याची, घराबाहेर पडण्याची, चारचौघांत बोलण्याची. त्यांना धीट म्हणून टाळ्या वाजवून आपण मोकळे होऊ नये. त्यांच्या नवऱ्यांनाही कुणीतरी वेळेवर म्हणायला हवं होतं की अब्रू गेली तर जाऊ दे, चल, आपण मिळून बँकेत जाऊ.

कामाच्या दोनचार गोष्टी सांगतो. जवळचं माणूस गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, 'आता काय उरलंय' असं बोलायला लागलं, तर सरळ विचारा: मनात जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं बोलायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका, शपथा घालू नका, वाद घालू नका. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि सकाळी सोबत दवाखान्यात जा. औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या आठवड्यांत सोबत सर्वांत जास्त लागते. आणि पोलिसांच्या भीतीने कुणाला लपवून ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं ठरवलेलं आहे. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे.

शेवटी, या मंडपात जो कुणी आज त्या जंगलात बसलेला असेल, त्याच्याशी मला बोलायचंय. तुम्हाला आज कारण दिसत नसेल तर शोधत बसू नका. मोठा निर्णय आज घेऊ नका, उद्याही घेऊ नका. ज्याच्यासमोर रडायला कमी लाज वाटेल असा एक माणूस निवडा आणि त्याला एवढंच सांगा की मला एकट्याने होत नाहीये. तसं कुणीच आठवत नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र आणि फुकट. मराठीत बोलता येतं, नाव सांगण्याची सक्ती नाही. बाकीच्यांनीही हा नंबर आत्ता, घरी जाण्याआधी, मोबाइलमध्ये लिहून घ्यावा. आणि बरेच दिवस ज्याचा आवाज ऐकलेला नाही, अशा एका माणसाला आज रात्री फोन करावा, एवढी माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे.